कानावर पेन्सिल असलेला आत्मा

सभागृहात खुर्च्या दोनशे आणि आत माणसं पाचशे. उरलेली खिडक्यांना लटकलेली. मंचावर एक लाकडी खुर्ची, तिच्यासमोर तीन पायांवर उभा केलेला भलाथोरला कॅमेरा, आणि मागे काळा पडदा. दारावर नियमांची पाटी. पहिला नियम, पडद्यामागे डोकवायचं नाही. दुसरा, मोबाइल बंद. तिसरा, शंका घरी ठेवून या.

"साधा कॅमेरा काय टिपतो? देह!" छायाबाबा माइकवर गरजले. पांढरा झगा, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि आवाज असा की घशात साखर अडकलीय. "आमचा कॅमेरा देहामागचा धनी टिपतो, मायबाप! गेलेलं माणूस कुठे जात नाही. तुमच्या पाठीमागेच उभं असतं. फक्त प्रकाश हवा!"

आता या प्रकाशाला तयारीही बरीच लागायची. तीन दिवस आधी नाव नोंदवायचं. दिवंगताचा एक स्वच्छ, पूर्ण फोटो पाठवायचा, म्हणजे आत्म्याची ओळख पटते. अर्जात 'आपली अडचण' असा रकाना होता, तोही न चुकता भरायचा. मग ठरल्या दिवशी खुर्चीत बसायचं, फोटो निघायचा, आणि आत्मा उतरेपर्यंत वीस मिनिटं सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं. वरच्या कचेरीतही अर्ज, ओळखपत्र आणि ताटकळणं चुकत नाही म्हणायचं!

वीस मिनिटांनी पडद्याआडून खर्र-खर्र आवाज आला. बाबांनी ताजा कागद उंच धरला आणि सभागृहभर "अगंबाई!" उठलं.

फोटोत खुर्चीवर टेलरताईची आत्या बसलेली होती. तिच्या मागे, चार वर्षांपूर्वी गेलेले आतोबा उभे होते. हसतमुख, निळा शर्ट घातलेले. आणि त्यांचा हात आत्याच्या खांद्यावर होता, बोटं थेट मानेवर, जिथे तिला गाठ आली होती तिथेच.

आत्या हमसून हमसून रडायला लागली.

"बघा, धनी काय सांगतात," बाबा माइक जवळ घेत म्हणाले. "गाठीवर त्यांनी हात ठेवलाय. ती आता त्यांची जबाबदारी. तिथे सुरी लावाल, तर ती कुणाच्या हातावर चालेल, तुम्हीच विचार करा!"

तिसऱ्या रांगेत आत्याची पिशवी मांडीवर घेऊन टेलरताई बसली होती. आई गेल्यावर हिला लहानाची मोठी केली ती या आत्याने. मशीनवर पहिली सरळ शिलाई मारायला शिकवली ती आत्यानेच. गाठीचं ऑपरेशन शनिवारी ठरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आत्ता काढली तर सोपं आहे. दोन-तीन महिने थांबलात, तर पसरेल. मग मी काही सांगू शकणार नाही." आणि इथे एका झगेवाल्याने एका वाक्यात ऑपरेशन रद्द करून टाकलं होतं.

घरी आल्या आल्या आत्याने जाहीर केलं, "दवाखान्यात कळवून टाक. मी येत नाही."

टेलरताईने फोटो हातात घेतला, दुकानात नेला आणि खिडकीपाशी धरला. माणसाची नजर आपल्या धंद्यावर जाते. डॉक्टर चेहरा बघतो, चांभार चपला बघतो, हिने शर्ट बघितला. तो निळा शर्ट तिनेच शिवलेला. कापड कमी पडलं होतं म्हणून खिशाला आडव्या रेघांचा तुकडा लावला होता, आणि आतोबांनी त्यावरून सहा महिने चिडवलं होतं. खिसा होता डाव्या छातीवर. फोटोत तो उजवीकडे गेला होता. शर्टाची बटणपट्टीसुद्धा बायकांच्या शर्टासारखी उलटी मिटलेली.

"अस्सं!" टेलरताई स्वतःशीच म्हणाली.

तिने मोबाइल उघडला. नोंदणीसाठी आत्याने पाठवलेला फोटो तिच्याकडे होता. आतोबा स्कूटरशेजारी उभे आहेत, हात सीटवर टेकवलेला. तोच शर्ट, तेच हसू, तोच हात. सीटवरचा हात आत्याच्या मानेवर आणायचा, तर तो हवा दुसऱ्या बाजूला. म्हणून बाबांनी आख्खे आतोबाच आरशातल्यासारखे फिरवले होते. स्कूटर तेवढी पुसून टाकली, खिसा मात्र विसरले!

हे तिला चटकन कळलं याला आणखी एक कारण होतं. गेले दोन महिने, दुपारी गिऱ्हाईक नसताना, ती एक ऑनलाइन कोर्स करत होती. फोटो कापायचे, जोडायचे, त्यातून नवी चित्रं करायची. कापड फाडण्याआधी बायकांना त्यांच्याच फोटोवर नवा ड्रेस घालून दाखवावा, एवढाच तिचा मतलब. पहिल्या आठवड्यात ती घाबरली होती, पण मग लक्षात आलं, की हे तर आपलंच काम. एका थरावर दुसरा थर ठेवायचा, अस्तरासारखा. नको तो भाग झाकायचा, हवा तो कापायचा, आणि ठिगळाची कड आसपासच्या रंगात मिसळून द्यायची. सुई नाही आणि बोटाला टोचत नाही, एवढाच फरक.

संध्याकाळी ती दोन्ही फोटो घेऊन आत्यासमोर बसली. "हा बघ खिसा. इकडे डावा, तिकडे उजवा."

"पलीकडून बघताना सगळं उलटं दिसतं. बाबांनी आधीच सांगितलंय."

"कुणी विचारलं म्हणून सांगितलं?"

"कुणी विचारायच्या आधीच!"

"म्हणजे शंका कुठे येणार हे त्यांना आधीच पाठ होतं!"

आत्याने तोंड फिरवलं. मग टेलरताईने आपला उद्योग दाखवला. दुपारभर बसून तिने आतोबांना स्वतःच्या मशीनपाशी उभं केलं होतं, हातात कात्री देऊन. "हे मी केलं, आत्या. दोन तासांत."

आत्याने तो फोटो नीट बघितला. मग म्हणाली, "तुला कागदाचं फूल करता येतं, म्हणून बागेतलं फूल खोटं ठरतं का गं? तू खोटं करू शकतेस, एवढंच कळलं. बाबांचं खोटं आहे हे कुठे कळलं?"

बिनतोड मुद्दा! उगाच नाही म्हातारीने तीस वर्षं शिवणाच्या गिऱ्हाइकांशी वाद घातले. टेलरताईला राग आला, रडूही आलं, पण मुद्दा खरा होता. बागेतलं फूल खोटं ठरवायचं, तर बाबांकडे असं फूल मागायला हवं, जे कुठल्याच बागेत उगवत नाही.

आणि ते फूल तिच्या कॉम्प्युटरवर तयार होतं. कोर्सच्या बाईंनी त्या आठवड्याचा अभ्यास दिला होता: तीन ओळखीच्या माणसांचे चेहरे एकत्र करून, कधीच जन्माला न आलेला एक माणूस घडवा. टेलरताईने नवऱ्याचे डोळे आणि कपाळ घेतलं, पोस्टमनची झुपकेदार मिशी घेतली आणि भाजीवाल्याचे सुपासारखे कान. तिघांनी हसत हसत परवानगी दिली होती. "कान वापर, पण परत दे. गिऱ्हाईक कमी-जास्त बोललं तर ऐकायला लागतात," भाजीवाला म्हणाला होता. सगळं जमलं, फक्त भाजीवाल्याच्या उजव्या कानावर कायम खोचलेली असते ती पेन्सिल कानाबरोबर तशीच आली. ती काढायची राहून गेली होती.

सोमवारी टेलरताईने बाबांचा अर्ज भरला. दिवंगत: थोरले दीर. अडचण: घरात शांती नाही. सोबत फोटो.

गुरुवारी सभागृह पुन्हा तुडुंब. आत्या पहिल्या रांगेत, मानेला रुमाल बांधून. पुकारा झाला, "टेलरताई, थोरले दीर!" आणि आत्या दचकली.

"अगं, तुला दीर कुठले? जावई तर एकुलते एक!"

"आत्या, आज फक्त बघ. डोळे मिटू नकोस."

टेलरताई खुर्चीत बसली. फोटो निघाला. वीस मिनिटं सभागृह डोळे मिटून बसलं, एक आत्या सोडून. खर्र-खर्र झालं, आणि बाबांनी कागद उंच धरला. टेलरताईच्या मागे एक गृहस्थ उभे होते. मिशी झुपकेदार, कान सुपाएवढे, आणि उजव्या कानावर पेन्सिल.

"अगंबाई!" सभागृह म्हणालं.

"ओळखलंत ना दिरांना?" बाबांनी विचारलं.

"कसं विसरेन, बाबा! पण कानावर हे काय?"

बाबांनी चष्मा सावरला. "विद्वान पुरुष होते. तिकडेही लेखन चालू आहे."

"गेले कशाने, ते सांगतात का?"

"छातीत कळ आली. शेवटी तुमचंच नाव तोंडात होतं."

"आणि आता सुखी आहेत?"

"परमशांती!"

मागच्या रांगेत दोन बायका डोळे पुसायला लागल्या. टेलरताई उठली आणि तिने बाबांच्या हातातून माइक अलगद काढून घेतला.

"भाजीवाले दादा, जरा उभे राहता?"

भाजीवाला उभा राहिला. कानावर पेन्सिल होतीच.

"पोस्टमनकाका, तुम्हीही. आणि अहो, तुम्ही पण उठा आता, लाजताय काय!"

तिघे उभे राहिले. टेलरताईने फोटो फिरवून लोकांना दाखवला. "मला दीर नाही. कधीच नव्हता. हे डोळे माझ्या नवऱ्याचे, मिशी काकांची, आणि कान या दादांचे, पेन्सिलीसकट. हा माणूस मी माझ्या दुकानात घडवला. जन्मला नाही तो मेला कसा? आणि मेला नाही त्याच्या छातीत कळ कुठून आली?"

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसण्याचा असा लोट उठला की खिडकीतली माणसं पडता पडता वाचली. "दादा, छातीत कसं वाटतंय आता?" पोस्टमनने विचारलं. "परमशांती!" भाजीवाला ओरडला.

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं, पण जीभ अजून ओली होती. "चेष्टा केलीत, म्हणून चेष्टेखोर आत्मा उतरला! श्रद्धाहीन स्त्रीच्या हातून…"

टेलरताईने ते ऐकलंच नाही. ती चार पावलं मागे गेली आणि तिने काळा पडदा ओढला. कड्या खळखळल्या. मागे टेबल होतं, प्रिंटर होता, आणि कॉम्प्युटरसमोर बाबांचा चष्मेवाला शिष्य डबा खात बसला होता. घास तसाच हातात राहिला.

स्क्रीनवर पाच माणसं ओळीने उभी होती. आसपासचं सगळं कापून काढलेली, नुसतीच माणसं. खाली नंबर: नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. ज्यांच्या नातेवाइकांचा पुकारा अजून व्हायचा होता, त्यांचे आत्मे आधीच कापून तयार ठेवलेले.

हसणं थांबलं. दुसऱ्या रांगेतली एक बाई उठून पुढे आली. तिच्या हातात बारा नंबरची चिठ्ठी होती. ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, "हे माझे वडील आहेत."

काम अर्धं टाकून उठायची टेलरताईला सवय नव्हती. "इकडे या सगळे," ती म्हणाली, "भिऊ नका, हे कॉम्प्युटरच आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोतून माणूस असा कापतात. तुम्हाला खुर्चीत बसवून जो फोटो काढतात, त्यावर तो असा ठेवतात. कड अशी पुसट करतात, खाली सावली अशी घालतात. याला दहा मिनिटं लागतात. उरलेल्या दहात हे डबा खातात. निरोप कुठून येतो? तुमच्याच अर्जातून. अडचण तुम्हीच लिहून दिली होती."

छायाबाबा मागच्या दाराकडे सरकत होते. दारात पोस्टमनकाका आडवे उभे राहिले. "बाबा, निघालात कुठे? आधी सगळ्यांचे फोटो परत करा. टपाल पोचवल्याशिवाय मीही घरी जात नाही."

या सगळ्या गोंधळात आत्या कुठेच दिसेना. टेलरताई धावत घरी आली, तर ती स्वयंपाकघरात पाटावर बसलेली. समोर जमिनीवर दोन्ही फोटो: एक स्कूटरवाला, एक बाबांचा.

"रागावलीस?" टेलरताईने विचारलं.

आत्याने बाबांचा फोटो पुढे ओढला. मग म्हणाली, "चाळीस वर्षं संसार केला. या माणसाने चारचौघांत कधी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. लाजाळूचं झाड नुसतं! लग्नाच्या फोटोतसुद्धा माझ्यापासून हातभर लांब. मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं, की हे ते नव्हेत." तिने पदर डोळ्यांना लावला. "कळलं होतं गं. पण हात हवा होता."

टेलरताई तिच्या शेजारी बसली. तिने हात आत्याच्या खांद्यावर ठेवला. दोघी तशाच बसून राहिल्या, चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत.

टेलरताईने दवाखान्यात काही कळवलंच नव्हतं, त्यामुळे शनिवारी ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आलात." कोर्सच्या बाईंनी अभ्यास तपासला आणि दोन मार्क कापले: कानावरची पेन्सिल काढायची राहिली आहे. टेलरताईने ते निमूट मान्य केलं.

वस्तीत मात्र त्या दिवसापासून एक सवय लागली. कुणीही चमत्कार दाखवला, की भाजीवाला कानावरची पेन्सिल हातात घेतो आणि तीन प्रश्न विचारतो: हे कुणी केलं? कशातून केलं? मूळ कुठे आहे? प्रश्न विचारल्याने खऱ्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते खोट्याचं. तुमचा प्रश्न ऐकून जो रागावेल, त्याच्या पडद्यामागे एकदा जाऊन बघाच. आणि आजार डॉक्टरला दाखवा. दुःखाला माणूस लागतं, तेही जिवंत.

दवाखान्यातून घरी यायच्या दिवशी आत्याने घोगऱ्या आवाजात फर्मान काढलं, "माझा फोटो काढा."

"आत्ता? असा अवतार असताना?"

"आत्ताच. तू मागे उभी राहा आणि हात ठेव खांद्यावर."

नर्सने मोबाइल धरला. आत्या ताठ बसली, मानेला पांढरीशुभ्र पट्टी, केस विस्कटलेले. फोटो निघाल्यावर तिने तो डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"यात काही घालू नकोस," ती टेलरताईला म्हणाली. "काही काढूही नकोस."

"निदान ती पट्टी तरी पुसू?"

"पट्टी तर मुळीच नाही," आत्या म्हणाली. "तेवढीच एक खरी करामत आहे त्यात."