संध्याकाळचे तीन इंच

मी एक जुनी मापाची टेप आहे. साठ इंच लांब, रुंदीला दोन बोटांहूनही कमी, एकेकाळी पिवळीधमक. मित्रांनो, शाळेचा गणवेश शिवायला टाकताना कुणी तुमच्या मानेमागून गार पट्टी फिरवली असेल आणि तुम्ही खी खी हसला असाल, तर ती पट्टी माझीच कुणी बहीण समजा.

कारखान्यात माझ्यावर आकडे छापले, टोकांना पितळी टोप्या बसवल्या आणि गुंडाळी करून मला डबीत घातलं. तिथून मला टेलरबाईंनी उचललं. घराच्या खालच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. दोन शिलाई मशीन, एक आरसा आणि कात्रणांनी भरलेली टोपली. एकोणीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात होते. गिऱ्हाईक म्हणायचं, "टेलरबाईंचं माप म्हणजे दगडावरची रेघ!" बाई हसायच्या, पण कौतुक आपलंच झालंय असं मला वाटायचं.

मग बाईंच्या पोटात दुखू लागलं. उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि त्या मशीनवर डोकं टेकवून बसायच्या. जेवलं की दुखतं म्हणून त्यांनी जेवणच सोडलं. शेवटी तपासणीत पित्ताशयात खडे निघाले. दवाखान्यात त्यांचं पित्ताशय काढून टाकलं. तेवढे दिवस मी खिळ्याला लटकून होते.

बाई घरी आल्या त्या चार छोट्या टाक्यांनिशी. बाईंचे यजमान बस चालवायचे, त्यामुळे दिवसभर बाहेर. म्हणून सांभाळायला बाईंची मोठी बहीण, अक्का, येऊन राहिली. अक्काचं प्रेम ताटात मावायचं नाही.

"किती वाळलीस गं! आता खडे गेले, पित्ताची पिशवी गेली, भीती कसली? खा मनसोक्त," असं म्हणत अक्का सूपमध्ये सायीचा गोळा सोडायची आणि बाजूला तळलेल्या बटाट्यांचा ढीग ठेवायची. कित्येक महिन्यांनी न दुखता जेवता येत होतं. बाई जेवल्या. पोटभर जेवल्या.

दीड महिन्यानंतर अक्का आपल्या घरी परतली. बाईंनी दुकान उघडलं. पहिल्याच आठवड्यात फ्रॉक न्यायला आलेल्या एका गिऱ्हाईकबाईंनी त्यांच्या पोटाकडे पाहत लाडात विचारलं, "कितवा महिना?"

टेलरबाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. "महिना नाही हो, वारा भरलाय," असं म्हणून त्या हसल्या. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी दार लोटलं, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि मला स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. छत्तीस.

त्या दिवसापासून माझे हाल सुरू झाले. सकाळी चौतीस, दुपारी पस्तीस, संध्याकाळी सदतीस. पोट तट्ट फुगलेलं, ढेकरांवर ढेकर. दिवसातून पाच पाच वेळा त्या मला आवळायच्या. मी आकडा दाखवायचे आणि त्यांचा चेहरा पडायचा. दुसरं काही दाखवायला मला येतच नाही, मित्रांनो. सकाळचा आकडा रोज जवळपास तोच असायचा, हे मला दिसत होतं. पण त्यांच्या मनात राहायचा तो संध्याकाळचाच.

बाईंनी पुन्हा जेवण सोडलं. सकाळी नुसता चहा, दुपारी काही नाही. संध्याकाळी मात्र भूक इतकी अनावर व्हायची, की समोर येईल ते तळलेलं, लोण्यातलं, सगळं एकदम पोटात जायचं. मग पोटात गुरगुर, मग पळापळ.

"अगं, पिशवी काढली तरी तुझं पित्त खवळायचं थांबत नाही!" यजमान एकदा गमतीने म्हणाले.

"तुम्हाला थट्टा सुचतेय. माझा एकही ड्रेस बसत नाही अंगाला."

"मग सैल शीव की! टेलर आहेस ना तू?"

बाईंनी मला घडी न करता तशीच टेबलावर टाकली. यजमान वाईट नव्हते. त्यांना फक्त ठाऊक नव्हतं, की बायको दिवसभर उपाशी असते. मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे?

एके दिवशी दुपारी एक निवृत्त मास्तर कोटाचं माप द्यायला आले. बाईंनी मला त्यांच्या छातीभोवती घेतलं. "चाळीस," त्या म्हणाल्या. मी एक्केचाळीस दाखवत होते. मी बाईंच्या हातातून सुटले आणि पाठोपाठ त्या खाली कोसळल्या.

"बाई! अहो बाई!" मास्तरांनी त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. त्या डोळे उघडून उठून बसल्यावर मास्तरांनी विचारलं, "जेवलात का आज?" बाईंनी नकारार्थी मान हलवली. "आणि काल दुपारी?" बाई रडायला लागल्या. आम्ही रोज भेटणारे सगळे होतो, पण हा प्रश्न त्यांना विचारला तो एका परक्या माणसाने.

मास्तर त्यांना रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी मला जमिनीवरून उचलून मुठीत धरलं होतं.

"दिवसातून पाच वेळा मोजता?" बाईंनी सगळं सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघत विचारलं. "अहो, चरबी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तीन इंच चढत नाही आणि रात्रीतून उतरतही नाही. संध्याकाळचं फुगणं बहुतेक गॅसचं असतं."

"पण वजन?"

"ते साडेचार किलो वाढलंय, खोटं कशाला बोलू? आधी दुखण्याच्या भीतीने खात नव्हतात, मग एकदम खाल्लंत आणि चालणं बंद होतं. ते हळूहळू उतरेल. पण उपाशी राहून नाही. पित्त यकृतात तयार होतं, पिशवी ही नुसती त्याची टाकी होती. आता टाकी नाही, थेंब थेंब पित्त सतत येतं. थोडं थोडं, वेळेवर खा. तेलकट, सायीचं कमी करा. काय खाल्लं की फुगतं ते बघून ठेवा. रोज चाला. आणि जोरात दुखलं, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी यायचं."

यजमान संध्याकाळी आले आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला सांगायचंस ना गं."

"काय सांगणार? पोट फुगतं म्हणून?"

दुसऱ्या दिवसापासून ते कामावर जाण्याआधी बाईंचा दुपारचा डबा भरून मशीनशेजारी ठेवू लागले.

चार महिन्यांत दीड किलो उतरलं. फुगणं कमी झालं, पण पूर्ण गेलेलं नाही. काही संध्याकाळी मशीन मध्येच थांबतं, बाई खोलीत येरझाऱ्या घालतात. कधी कधी मुसमुसतातही. हे मला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. कारण सतत आवळून माझे तीस ते चाळीस हे आकडे पुसून गेले आणि बाईंनी नवी टेप घेतली. मी आता खणात असते, तुटक्या बटणांबरोबर. बरंच झालं. नव्या टेपने त्या फक्त गिऱ्हाईकांची मापं घेतात.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरात कुणी दवाखान्यातून परत आलं, टाके सुकले, कामाला लागलं, की ते बरं झालं असं धरून चालू नका. कुणाचं पोट सुटलं, कुणाचे गाल बसले, यावर लगेच बोलू नका. जवळ बसा आणि विचारा, "जेवलीस का? दुखतंय का?" मला हे कधीच विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.