खुंट्या वाहणाऱ्यांची नावं

बॅनरचा दोर दातांत धरूनच उखाने विचारलं. सुषमाताईंना नुसतं कण्हणं ऐकू आलं; वाटलं, याला विंचू चावला. मग दोर सोडून त्याने पुन्हा विचारलं, हे जे मोठ्ठं लिहिलंय, ते म्हणायचं कसं?

"टॅ-बर-नॅ-कल. आपल्या बायबलात निवासमंडप. लोक रानातून चाललेले, तर देवही त्यांच्याबरोबर तंबूत राहायचा."

नवापूरकडची चाळीसेक ख्रिस्ती माणसं कोसाडच्या मैदानात सकाळच्या प्रार्थनेला जमणार होती. सगळी व्यवस्था सुषमाताईंकडे होती आणि मंडप उखाकडे.

उखाने तो शब्द खुंटीवर ठोकून पाहिला. टॅ, बर, नॅ, कल. चार घाव. शब्द बसला, खुंटीही बसली. तीस वर्षांत त्याने लग्नांना, साड्यांच्या सेलला आणि एका म्हशीच्या वाढदिवसालाही मंडप घातला होता. देवही पालाखाली दिवस काढून गेलाय, हे मात्र त्याला आजच कळत होतं.

"माप कोन दिन्हं?"

देवानेच, असं म्हणून ताईंनी ते वाचूनच दाखवलं. पडदे इतके हात, कडेला अडकवायची बिरडी पन्नास, वरून बकऱ्याच्या केसांचं आच्छादन. पन्नास बिरडी अंमळ जास्त होतात, असं उखाचं मत पडलं. पण लेखी माप देणारं गिऱ्हाईक त्याने प्रथमच पाहिलं. बाकीचे नुसतं 'मोठा लावा' म्हणत.

"आन् सोडे कोन?"

ताईंनी पानं उलटली. तंबू सोडून निघताना खांब, खुंट्या, दोर वाहायचं काम मरारी घराण्याकडे होतं. कुणी काय उचलायचं, ते ज्याच्या त्याच्या नावाने नेमून द्यायचं, अशी आज्ञा होती.

"नाव लिसन?"

"नाव घेऊन. खुंटीवाल्याचंसुद्धा."

लोकांच्या फोनमध्ये उखा 'मंडप कोसाड' होता. कामरेजला दिलेली लेक योगिता त्याला बाबा म्हणे. बायको इंदुबाई त्याचं नाव घेई, पण तेही बायकांनी अडवल्यावर, कुणाच्या तरी लग्नाच्या मंडपात. ती जाऊन चार वर्षं झाली होती.

ताईंनी त्याचं नाव विचारून घेतलं. सभा संपली की सगळ्यांचे आभार मानतो आम्ही, नावानिशी, तेव्हा थांबा, म्हणाल्या.

एरवी रात्रभर खपून मंडप उभा झाला की उखा घरी झोपायला जाई. आज त्याने नळावर तोंड धुतलं, पिशवीतला इस्त्रीचा शर्ट चढवला आणि शेवटच्या रांगेमागे मंडपाच्या बल्लीला टेकून उभा राहिला. दोन तास. गाण्यांच्या वेळी त्याने टाळ्याही वाजवल्या.

शेवटी सभा चालवणारे नितीनभाऊ आभाराची चिठ्ठी घेऊन उठले. खुर्च्या देणारे, पाणी देणारी गायत्री, पेटी वाजवणारे, एकेक नाव आलं. उखाने शर्टाचं वरचं बटण लावलं.

"आणि आपले मंडपवाले भाऊ."

टाळ्या झाल्या. सुषमाताई तेव्हा मागे खिचडीच्या पातेल्यापाशी होत्या.

दुपारी मैदान रिकामं झालं. उखाने शर्ट घडी करून ठेवला, कापड उतरवलं, खुंट्या उपटायला घेतल्या. शेवटची हलेना. तो तिच्यापाशी उकिडवा बसला. इंदुबाई नाव घ्यायची, त्याआधीच्या ओळी काही केल्या आठवेनात. शेवटी नाव यायचं, एवढंच आठवत होतं.

त्याने बाजूने घाव घातले. टॅ, बर, नॅ, कल.

मग इकडेतिकडे पाहिलं, आणि इंदुबाई लाजून जसं म्हणायची तसं, पुटपुटल्यागत म्हणाला, "उखा."

खुंटी हलली. त्याने तिची माती पुसली आणि तिला गोणीत ठेवलं.