शेवटचे एकशे सत्तर मीटर

मावशीच्या मनगटावरच्या घड्याळाने ऐन वेळी मान टाकली, आणि तेही धावणं संपत आलेलं असताना.

लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या संघात एकच जागा उरली होती. दोन तासांच्या आत वीस किलोमीटर धावायचं आणि घड्याळाची फाइल संध्याकाळी पाचच्या आत संघाच्या साइटवर चढवायची, एवढीच अट. मावशी धावली होती. पण साइट फाइल घ्यायलाच तयार नव्हती. 'फाइल अपूर्ण आहे', दर वेळी तेच.

"ठिणगे, तुझ्या त्या लायब्ररीला काही जमतं का बघ," मावशी म्हणाली. तिचे पाय थंड पाण्याच्या बादलीत होते आणि भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन वाजले होते.

मावशीची भाची दहावीत होती आणि घरात सगळे तिला ठिणगीच म्हणत. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून फुकट देऊन ठेवलेला कोड. घड्याळांच्या फाइली वाचायच्या आणि नव्या लिहायच्या, एवढंच त्याचं काम. ठिणगीने तो गेल्या महिन्यात शाळेच्या प्रकल्पासाठी वापरला होता आणि तेव्हापासून ती स्वतःला काही कमी समजत नव्हती.

"घड्याळ बंद पडताना फाइलचा शेवट लिहायचा राहिला," ती म्हणाली. "नोंदी आत आहेत. दर सेकंदाला एक. त्या एकेक करून बाहेर काढते आणि नवीन फाइलमध्ये भरते. किरकोळ काम आहे."

किरकोळ कामाने तास खाल्ला. फाइल तयार झाली, साइटने घेतली आणि लगेच परत फेकली. तारीख वीस वर्षं पुढची होती.

"वा. म्हणजे मी साठीला आल्यावर धावले," मावशी म्हणाली. "वेळ मात्र चांगली काढलीये म्हातारीने."

ठिणगीचे कान लाल झाले. ही घड्याळं सेकंद मोजायला १९८९ सालच्या शेवटच्या दिवसापासून सुरुवात करतात आणि कॉम्प्युटर १९७० पासून. मधली वीस वर्षं लायब्ररी आपणहून मिळवते. ठिणगीने शहाणपणा करून तीच वीस वर्षं पुन्हा मिळवली होती. तिने आपली ओळ मुकाट्याने खोडली.

आता तारीख बरोबर आली. अंतर आलं एकोणीस पूर्णांक त्र्याऐंशी.

"एकशे सत्तर मीटर कमी," ठिणगी हळूच म्हणाली.

"मी पुलापर्यंत धावले. रोजचाच रस्ता आहे, वीस भरतातच."

"तू धावलीस गं, पण घड्याळ आधीच झोपलं होतं." ठिणगीने मान वर केली नाही. "लायब्ररी लिहूनही देते. साठेक नोंदी तर घालायच्यात."

मावशीने बादलीतले पाय नुसते हलवले. ठिणगीने ते होकार समजून शेवटची नोंद, फक्त अंतर वाढवत, साठ वेळा पुढे ओढली आणि आलेख उघडला. मावशी ओल्या पायांनीच उठून तिच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली.

"हे शेवटी सपाट काय आहे?"

"ठोके. एकशे बेचाळीस."

"पुलाच्या चढावर मी जीव काढून पळत होते. तिथे माझे ठोके एकशे सत्तरच्या खाली असतील होय? हे कुणीतरी सोफ्यावर बसलंय."

"मग ठोके एकशे सत्तर करू?"

"नको. काढून टाक ते. मी तो चढ चढलेय, तो तुझ्या हाताने नाही चढायचा."

ठिणगीने साठच्या साठ नोंदी उडवल्या. पाचला अकरा मिनिटं असताना फाइल गेली. शेऱ्याच्या रकान्यात मावशीने एका बोटाने लिहिलं, 'शेवटचे एकशे सत्तर मीटर घड्याळ बंद होतं. धावले आहे.' मग दोघी फोन मधे ठेवून बसल्या.

साडेसहाला प्रशिक्षकांचा निरोप आला: 'अट वीसची आहे, त्यामुळे ही फाइल धरता येत नाही. पण शेरा वाचला. जागा रविवारपर्यंत ठेवतो. रविवारी सकाळी सहाला मैदानावर या, आमच्यासमोर पूर्ण वीस धावा. घड्याळ आम्ही देऊ.'

मावशीने निरोप दोनदा वाचला. "पूर्ण वीस?"

"पूर्ण वीस," ठिणगी म्हणाली.

"आज गुरुवार ना? मग रविवारपर्यंत मला कुणी दुकानात पिटाळायचं नाही. आईला सांगून ठेव तुझ्या."