साडेचारपर्यंत

भावाच्या मोबाइलचं रेकॉर्ड मागवायची कल्पना ताईचीच. आईने मृत्युपत्रात घर ताईच्या नावे केलं होतं आणि कारणही लिहिलं होतं, मुलाने तीन वर्षं तोंड दाखवलं नाही. भावाने मृत्युपत्राला कोर्टात आव्हान दिलं होतं; तो म्हणत होता, मी दर रविवारी जायचो. ताईला वाटलं, रेकॉर्ड म्हणजे कोणी कोणाला फोन केले त्याची यादी. आईला फोनवर ऐकू येत नसे, त्यामुळे घरी त्याचा फोन कधी आलाच नव्हता. एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाका, असं तिने आपल्या वकीलबाईंना बजावलं.

मोबाइल कंपनीचा अधिकारी साक्षीला उभा राहिला आणि वाचू लागला. फोन केला नाही तरी मोबाइल कुठल्या टॉवरपाशी होता, ते कागदावर उतरत होतं. दर रविवारी, चार ते साडेचार, आईच्या घराजवळचा टॉवर.

वकीलबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, त्याच टॉवरखाली बाजार, दवाखाना, बसथांबा येतो ना? येतो. मग हे गृहस्थ आईच्या दारातच होते असं सांगता येईल? अधिकारी म्हणाला, नाही. आता ताईने पिंजऱ्यात जाऊन 'तो आला नाही' एवढं म्हटलं की घर तिचं.

पाच वर्षं अंथरुणातल्या आईचं सगळं ताईने केलं होतं. भाऊ यायचा, फळं ठेवायचा, गोड बोलायचा, आणि आई आठवडाभर त्याचंच कौतुक उगाळायची. ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कोणाच्याही झाला असता. एका रविवारी तिने दार उघडलं नाही. मग कधीच उघडलं नाही. दोनदा बेल वाजायची, आईला ती ऐकू जायची नाही, आणि थांबायची. गेला, असं तिने धरलेलं. तो अर्धा तास बाहेर उभा राहायचा, हे तिला आज कळत होतं.

"तो यायचा," ती न्यायाधीशांना म्हणाली. "मीच दार उघडलं नाही."

वकीलबाईंनी फाइल मिटली.

बाहेर व्हरांड्यात भाऊ तिच्याजवळ आला. घराचं त्याने नावही काढलं नाही.

"ताई, आईनेच सांगितलं होतं का, उघडू नको म्हणून?"

हो म्हटलं असतं तर निम्मं पाप आईवर ढकलता आलं असतं.

"आई दर रविवारी विचारायची, आज तरी आला का तो," ताई म्हणाली. "मी नाही म्हणायचे."

भाऊ बाकावर बसला. ताई उभीच राहिली.