स्टुलावरचं खोटं

शिंप्याच्या बायकोला सातव्या महिन्यात सिफिलिस निघाला. नर्सबाईंनी बजावलं, "तुम्ही बऱ्या व्हाल, पण नवऱ्यानेही इंजेक्शन घ्यायलाच हवं. नाहीतर रोग फिरून तुमच्याकडे आणि तुमच्यातून बाळाकडे. हल्ली हा रोग घेऊन जन्मणारी बाळं वाढलीत. काही तर जन्मतःच हातची जातात."

कमरेखाली दोन्ही बाजूंना सुया घेऊन ती दोन दिवस कुशीवर कण्हत पडली होती.

आज नवरा घरात शिरताच तिने विचारलं, "घेतलं?"

"घेतलं बाई, आत्ताच! किती ती भुणभुण!" म्हणत तो मशीनपुढच्या लाकडी स्टुलावर धप्पकन बसला आणि बाळाचं झबलं शिवू लागला.

तिने स्टुलाकडे पाहिलं. "बसवतंय तुम्हाला?"

"म्हणजे?"

"देवाची शपथ घेऊन सांगा."

मशीन थांबलं. मान खाली घालून तो पुटपुटला, "दवाखान्यात सगळी माझीच गिऱ्हाइकं गं. कोणत्या तोंडाने जाऊ?"

"रोग कुठून आणलात, ते मी विचारलं नाही, विचारणारही नाही. पण या झबल्यात घालायला बाळ हवंय ना? मग उठा. मी येते बरोबर."

दवाखान्यात सुई टोचून घेऊन तो लंगडत बाहेर आला, बाकावर टेकला आणि "आई गं!" करत ताडकन उभा राहिला.

कितीतरी दिवसांनी तिला हसू फुटलं. "आता पटलं," म्हणत तिने पोटावर हात ठेवला आणि देवाचं नाव घेतलं.