इस्त्रीचा दांडा

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या डोंगरातली घळ दिसते. हिवाळा संपला तरी तिच्यात बर्फ उरतो, आणि तो उरतो इस्त्रीच्या आकाराचा. हा शोध माझ्या बायकोचा. मला आधी ती इस्त्री दिसेचना, मला तो उलटा स्वल्पविराम वाटायचा.

"मुद्रितं तपासून तपासून डोळे गेलेत तुमचे," ती म्हणाली होती. "नीट बघा. तो खालचा तवा, आणि वर दांडा."

मग दिसला. त्यानंतर दुसरं काही कधी दिसलंच नाही.

दांडा वितळून तुटला की बरोबर दहा दिवसांनी खिंडीची वाट मोकळी होते, हा आमचा घरगुती नियम. दांडा तुटल्याची तारीख मी वहीत लिहायचो. दहाव्या दिवशी ती खिंडीतल्या निवाऱ्याच्या राखणदाराला फोन लावायची आणि शेवटच्या रकान्यात तिच्या तिरक्या अक्षरात नोंद करायची, 'विचारलं. वाट मोकळी.' येणाऱ्या शनिवारी आम्ही निघायचो. दुर्बीण आणि वही हे माझं खातं होतं, फोन तिचं. छापखान्यात मी चाळीस वर्षं काढली ती बहुतेक मान खाली घालून. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की अजूनही माझ्या तोंडाला कोरड पडते.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या वसंतात मी त्या खिडकीला पडदा लावून टाकला होता. यंदा काढला, तो लेकीमुळे. ती दूरच्या शहरात रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. हिवाळ्यात दोन दिवस आली होती, तेव्हा जाता जाता दारात बूट घालताना म्हणाली, "बाबा, बर्फ गेला की आपण दोघं खिंडीत जाऊ या का? आईची काठी अजून तिथंच असेल."

पाच वर्षांपूर्वी, शेवटच्या खेपेला, बायको काठी निवाऱ्यात विसरून आली होती. पुढच्या वर्षी आणू म्हणाली. पुढच्या वर्षी बर्फ हटला नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. मग ती आजारी पडली.

लेकीला सुट्टी मिळाली होती ती याच शनिवार-रविवारची. "तुम्ही बर्फाचं बघून सांगा," असं तिनं कळवलं होतं. म्हणजे ती येणार की नाही हे बर्फावर होतं, आणि बर्फाचं माझ्यावर. एवढी जबाबदारी माझ्यावर यापूर्वी कुणी टाकली होती ते आठवत नाही. छापखान्यातही शेवटची सही दुसऱ्या कुणाची तरी असायची.

दांडा तुटून अकरा दिवस झाले होते. तरी मी रोज सकाळी दुर्बिणीतून बघत होतो आणि रोज मला शंका येत होती. तुटल्यासारखा दिसतो तो दांडाच का? की मध्ये नुसती धूळ बसली आहे? बुधवारी दुपारी पाणी पिऊन, काय बोलायचं ते कागदावर लिहून, मी राखणदाराला फोन लावला.

"निवारा," पलीकडून आवाज आला.

"नमस्कार. मी खालून बोलतोय."

"खालूनच बोलणार. माझ्यावर राहतं कोण? ढग."

कागदावरचं सगळं पुसलं गेल्यासारखं झालं. मी कसंबसं म्हणालो, "बर्फाची चौकशी करायची होती. माझी बायको करायची दर वर्षी."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"वहिनींचे तुम्ही? अहो, बोला की मग! त्या गेल्याचं मला गेल्या वर्षी पदभ्रमण मंडळाच्या पोरांकडून कळलं. फार वाईट झालं. माझी बहीणच होती ती. बर्फाचं दोन मिनिटं आणि माझ्या गुडघ्यांचं वीस मिनिटं विचारायची. तुम्ही म्हणजे लेखक ना?"

"लेखक नाही. मी आपला एक लहानसा लेख..."

"तोच! भिंतीवर लावलाय मी."

त्या लेखाबद्दल सांगायला हवं. वहीत दोन वर्षं अशी होती की दांडा नेहमीच्या वेळी तुटला, तरी शेवटच्या रकान्यात तिचं अक्षर होतं, 'विचारलं. बर्फ आहे. या वर्षी नको.' आमचा नियम इतकी वर्षं चुकला नव्हता, तो लागोपाठ दोनदा कसा चुकावा? मी ग्रंथालयातून पुस्तकं आणली, टिपणं काढली, आणि सावलीतल्या घळीत जुना बर्फ मातीखाली कसा दडून राहतो यावर पदभ्रमण मंडळाच्या वार्तापत्रात दीड पानी लेख लिहिला. माझ्या नावानं छापलेलं आयुष्यात तेवढंच. बायकोनं तो वाचला होता, घडी घालून डब्यात ठेवला होता आणि "छान जमलाय" म्हणाली होती.

"सावलीतला दडलेला बर्फ," राखणदार हसत म्हणाला. "वरची माणसं अजून हसतात हो त्याला. राग मानू नका. त्या दोन्ही वर्षी बर्फ कुठे होता? घळ कोरडी ठणठणीत. शेरडं हिंडत होती तिथं."

"पण ती तर म्हणाली..."

"तसं म्हणायला तीच सांगून गेली." त्याचा आवाज खाली आला. "म्हणाली, भाऊ, जिना चढताना दम लागतो मला आता. ह्यांना कळलं तर हे घाबरून जेवायचं सोडतील. कुणी विचारलंच तर बर्फ आहे म्हणा. मी म्हटलं, वहिनी, कोण विचारणार? तर म्हणाली, ते काही फोन करायचे नाहीत, पण तुम्ही आपलं लक्षात ठेवा." मग त्यानं विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं ना? नंतर तरी?"

मी हो म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक.

यंदाच्या बर्फाचं त्यानं नीट सांगितलं. घळीत जेमतेम वीस पावलांचा पट्टा उरला आहे. सकाळी लवकर तो काचेसारखा टणक असतो, तेव्हा पाय घालायचा नाही. उन्हं तापल्यावर खालून झरा वाहून पोकळ होतो, तेव्हाही नाही. दहा ते बाराच्या मध्ये यायचं. फावड्यानं पायऱ्या खोदून ठेवल्या आहेत. "परवा सत्तरीची एक बाई गेली गाणं म्हणत. लेकीला घेऊन या खुशाल. काठी आहे इथं, दाराच्या मागे."

फोन ठेवून मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सूचनाफलक आहे. पाणी कधी बंद, कचरा कुठे ठेवायचा, असलं काहीबाही असतं त्यावर. ती वर येताना तिथं थांबून तो वाचत बसायची. मी पिशव्या घेऊन पुढे. "अगं, कालचंच आहे सगळं," मी वरून म्हणायचो. ती म्हणायची, "असू दे, तुम्ही कुठे काय वाचता ते मी विचारते का?" दुसऱ्याच्या मजकुरातला कानामात्रा कधी माझ्या नजरेतून सुटला नाही. सूचनाफलकावर मात्र मी आता बोट ठेवून उभा होतो, आणि तिथं वाचण्यासारखं खरोखरच काही नव्हतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"काय म्हणतोय बर्फ, बाबा?"

मी तोंड उघडलं, पण तीच पुढे बोलली. "असेलच ना अजून? यंदा थंडी लांबली म्हणतात. असला तर असू दे हं. उगीच धोका नको."

"तुझी सुट्टी..."

"सुट्टीचं काय, दुसऱ्या कुणाला देता येते. असेलच ना?"

दोनदा विचारलं तिनं. मला वाटलं, तिसऱ्यांदा विचारायला लावू नये. दमली असेल. हिवाळ्यात दारात उभं राहून भावनेच्या भरात बोलून गेली असेल, आणि आता सहा तासांचा प्रवास, म्हाताऱ्या बापाला सांभाळत चढण, सगळं डोळ्यांपुढे आलं असेल. कुणी मागितलेलं कारण पटकन हातात द्यावं, एवढी रीत मला नुकतीच, दुपारीच, कळली होती.

"आहे गं," मी म्हणालो. "विचारलं मी. बर्फ आहे. या वर्षी नको."

"बरं," ती म्हणाली. थोडं थांबून पुन्हा, "बरं." मग औषधं वेळेवर घेतो का ते विचारलं आणि फोन ठेवला.

वही उघडून शेवटच्या रकान्यात काय लिहावं याचा विचार करत बसलो. काही लिहिलं नाही.

शनिवारी सकाळी पहिल्या बसनं मी एकटाच निघालो. बसमध्ये मी आणि एक पावाच्या टोपल्या नेणारा माणूस. टोपल्या खालच्या थांब्यावर उतरल्या, पुढे मीच. चढ मला वाटलं होतं तितका अवघड नव्हता, किंवा बरोबर कुणी नसल्यामुळे दमलेलं लपवावं लागत नव्हतं. घळीशी पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. पट्टा होता. कडेला मळका, मध्ये पांढरा. मी आधी माझ्या काठीनं टोचून पाहिला, मग पायऱ्या मोजल्या. तेवीस. राखणदारानं वीस पावलं सांगितली होती. चूक सापडल्याचा जुना आनंद झाला, तो सांगायला शेजारी पाहिलं, आणि पुढचा पाय टाकला.

निवाऱ्याच्या दारात राखणदार उभा होता. आम्ही यायचो त्या शनिवारी तो नेहमी बाजाराला खाली गेलेला असायचा, म्हणून त्याला मी आजच पाहत होतो. आवाजावरून मला तो धिप्पाड वाटला होता. होता किडकिडीत, कानटोपी घातलेला.

"लेक कुठाय?"

"तिला बर्फ आहे म्हणून सांगितलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. "घराणंच असं आहे का तुमचं?"

त्यानं मला चूल पेटलेल्या खोलीत बसवलं, गरम पाणी दिलं. भिंतीवर माझा लेख होता, पिवळा पडलेला, धुरानं काळवंडलेला. आता दिसलं, तिसऱ्या ओळीत एक वेलांटी चुकली होती. दाराच्या मागची काठी त्यानं आणून माझ्या गुडघ्यांवर ठेवली. मुठीवर तिच्या अंगठ्यानं घासून गुळगुळीत झालेली जागा होती. मी तिथं अंगठा ठेवला. माझा जरा मोठा पडला.

"फोन तिकडं आहे," राखणदार लाकडं आणायला जाता जाता म्हणाला. "मी काही सांगत नाही. नुसतं कुठे आहे ते सांगतोय."

या वेळी काय बोलायचं ते मी लिहून काढलं नाही. सरळ नंबर फिरवला.

"बाबा? हा कुठला नंबर?"

"खिंडीतून बोलतोय. बर्फ नव्हता गं. म्हणजे तेवीस पावलं होता. मी खोटं सांगितलं."

पलीकडे काही यंत्र घरघरत होतं. ती कामावरच होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "निवाऱ्यावरून घळीचा फोटो रोज नेटवर टाकतात. बुधवारी सकाळीच पाहिला होता मी."

"मग विचारलंस कशाला?"

"मला वाटलं, तुम्हालाच जायचं नसेल. आई नसताना. खिडकीला पडदा लावला होतात ना. म्हटलं, नको असेल तर त्यांना सोपं जावं नाही म्हणायला." तिचा आवाज फाटला. "आणि तुम्ही लगेच म्हणालात, आहे म्हणून. मी सुट्टी देऊन टाकली, बाबा."

चुलीत एक ओंडका खाली सरकला.

"तुझी आईसुद्धा," मी म्हणालो, आणि जिन्याचं, फोनचं, लेखाचं सगळं सांगितलं, इतकं सलग की मीच थक्क झालो. शेवटी पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आता यानंतरची सुट्टी थेट पानगळीत आहे," ती म्हणाली. "चार दिवस."

"पानगळीत बर्फ नसतो," मी म्हणालो. "घळ कोरडी असते."

"हो ना."

"म्हणजे विचारायचंच काही नाही."

"नाही," ती म्हणाली. "मी येतेच. तुम्ही काठी आणू नका तोवर."

तिला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. बारा वाजायला थोडाच वेळ होता. पट्टा पोकळ व्हायच्या आत उतरायला हवं होतं. मी काठी परत दाराच्या मागे ठेवली, होती तशीच, मूठ भिंतीकडे करून, आणि खाली निघालो.