सुगनबाईंनी वाचवलेले किडे

धुळ्यात नेचा जगवायचा म्हणजे शुद्ध वेडेपणा. डोंगरातल्या ओल्या दरडीत उगवणारं, फूल न येणारं, नुसत्या पानांचं ते झाड. आमच्याकडे वैशाखात माणसाच्या ओठांना भेगा पडतात. पण लखीचंद शेठांची सून लाडकुंवर राजस्थानातल्या अबूच्या डोंगराकडची. सन अठ्ठावीसमध्ये लग्न होऊन येताना तिनं माहेरच्या विहिरीकाठचा नेचा कुंडीतून आणला, आणि पुढं तिला माहेरी कोणी पाठवलंच नाही. हा जगला तर आपणही इथं जगू, असं तिनं मनाशी घट्ट धरलं होतं.

कुंडी माठांच्या घडवंचीखाली होती. माठ पाझरत, खिडकीला वाळ्याचा ओला पडदा असे, ऊन तिकडं फिरकत नसे. पाणी साचू द्यायचं नाही आणि माती सुकू द्यायची नाही, एवढंच तिचं शास्त्र. नेचा असा माजला की शेजारणी बघायला येऊ लागल्या.

तिसऱ्या उन्हाळ्यात पानांच्या पाठी तपकिरी ठिपक्यांनी भरल्या. हे नेच्याचं बी, लाडकुंवरला लहानपणापासून ठाऊक. ती हरखली, पण सांगते कोणाला? सासूपुढं पदर ओढून गप्प राहायचं, ही त्या घराची रीत.

एके दिवशी ती जैन स्थानकात साध्वींच्या प्रवचनाला गेली असताना पाणी भरणाऱ्या भिकुबाईनं पानं उलटून पाहिली.

"अक्का, बठ्ठा पानेस्ले किडा लागी ग्यात! राकेलघाई पुशी टाकू का?"

"जीव मारतेस?" सासू सुगनबाई कडाडल्या. त्यांनी स्वतः कुंडी उचलली, एकही ठिपका गळू नये अशा बेतानं अंगणात नेली आणि लिंबाच्या सावलीत ठेवली. जातील बापडे आपल्या वाटेनं! मग त्या निर्धास्तपणे माळ घेऊन बसल्या. सावली सरकली.

लाडकुंवर परतली तेव्हा पानांचा हातात चुरा होत होता. तिनं कुंडी पुन्हा घडवंचीखाली नेली, पाणी शिंपडलं. काही उपयोग नव्हता. मग तिनं पदर मागं सारला.

"ते किडे नव्हते, सासूजी. बी होतं. माझं झाड मारलंत तुम्ही."

सुगनबाईंचा चेहरा खरोखर उतरला. ढोंग त्यांच्यात नव्हतंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी कडक उपवास धरला, कुंडीपुढं बसून हात जोडले आणि डोळ्यांत पाणी आणून त्या वाळल्या काड्यांची क्षमा मागितली.

लाडकुंवर दाराशी उभी होती. सुगनबाई उठल्या, तिच्याजवळ येऊन थांबल्या.

"काल वर तोंड करून बोललीस," त्या म्हणाल्या. "पुन्हा बोलू नकोस."